नुकसानीचे कारण

अण्णा, मी परवापासून एका शाळेत अडकून पडले आहे. दरड कोसळली म्हणून पंचनाम्याला आले, वहाळावरचा लाकडी साकव ओलांडून वाडीत पोचले, आणि तासाभराने तो साकवच वाहून गेला. डोंगरमाथ्याच्या सड्यावरून पलीकडे उतरायची पाऊलवाट होती, ती दरडीत गेली. कोतवाल रोज सकाळी सड्यावर चढतो, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळते. तो तहसीलला कळवतो की मॅडम सुखरूप आहेत, आणि तिकडून उत्तर येतं की मग पंचनामे पूर्ण करून घ्या. शाळेत दोन वर्ग आहेत. एकात दरडीखालच्या घरांतली माणसं, एकात मी. पहिलीच्या मुलांच्या बाकावर बसते, गुडघे पोटाशी येतात, आणि फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. सरकारी कागद खासगी कामाला वापरला म्हणून तुम्ही डोळे वटारले असते. पण तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटून गेली, आणि आता पंचनामा मोबाईलवर भरतात, फोटोसकट. कागद आपला पंचांच्या सह्यांपुरता आणि सवयीने सोबत ठेवायचा. तलाठी हे नावसुद्धा गेलं हो. आम्ही आता ग्राम महसूल अधिकारी. लोक हाक मारतात ती तलाठीबाई म्हणूनच.

काल दुपारी पाऊस कोसळत होता आणि मी मोबाईलवर भरून ठेवलेला सिनेमा बघत होते, तेव्हा कोतवालाने मला पकडलं. पडद्यावर आगगाडीएवढी एक शंभर पायांची घोण होती आणि ती एका शहराचा पूल मधोमध मोडत होती. 'मॅडम, तुम्ही हे बघता?' माझ्या वयाच्या बाईने मालिका बघाव्यात, फार तर कीर्तन ऐकावं, अशी त्याची समजूत. मी म्हटलं, बघते, आणि तुम्हाला बघायचे असतील तर निवडून बघा, सगळेच बघण्यालायक नसतात. मग तासभर त्याची शाळा घेतली. ज्याला मोठी पडझड बघायची हौस आहे त्याने आधी जनावराला वजन आहे का ते बघावं. पाऊल पडलं की रस्ता खचला पाहिजे, नुसता धप्प आवाज काढतात ते सिनेमे सोडून द्यावेत. पडझड दिवसाउजेडी दाखवतात ते चांगले. काळोख करायचा, वर पाऊस पाडायचा आणि धुरात काहीतरी हलवायचं हा शुद्ध कामचुकारपणा आहे. काय पडलं, किती पडलं, काही कळत नाही. इमारत खालून बसली पाहिजे. आधी धूळ दिसावी, आवाज मागाहून यावा. आणि पाडायच्या आधी त्या इमारतीतलं एखादं स्वयंपाकघर दाखवलेलं असेल तर उत्तम, कुणाची कढई शेगडीवर आहे, कुणी कोथिंबीर निवडतंय, नाहीतर पडलं ते घर होतं की खोकं हे कळायचं कसं. जनावर मेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि संपलं, असा शेवट मला चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी वही घेऊन आलं पाहिजे. तसला सिनेमा मला अजून मिळालेला नाही. कोतवाल म्हणाला, 'मॅडम, तुम्ही तिथेपण ड्युटीच करता.' त्याला काय ठाऊक हे मला कुणी शिकवलं.

जयगडला जेटीच्या वर जाळी ठेवायची शेड होती. रविवारी दुपारी जाळी एका कडेला ओढून तिथे व्हिडिओ लावायचे. आपण दोघं सड्याच्या वाटेने दीड तास चालत जायचो, तुम्ही पुढे, छत्री काखेत, मी मागे. आईला सांगायचं की खाडीकडे स्थळपाहणी आहे. सिनेमे कुठल्या भाषेतले असायचे देव जाणे. कुणाला अक्षर कळत नसे आणि कुणाचं अडतही नसे. शेडीत सुक्या मासळीचा वास, पुढे खारव्यांची पोरंटोरं, आणि त्यांच्याही पुढे तुम्ही, मांडी घालून. तहसीलदारासमोर मान वर न करणारा माणूस तिथे राजा असायचा. पडद्यावर जनावर गाव पाडायला लागलं की तुम्ही मला वही द्यायचा. 'लिही. दीपगृह एक, पूर्णतः. बंदराची कचेरी, पूर्णतः. आंब्याची कलमं, चाळीस.' मी विचारायची, 'अण्णा, आंबे कुठे दिसले?' 'मागे डोंगर आहे ना? मग असणारच. लिही.' शेड खदखदायची. एखादा खारवी मागून ओरडायचा, 'भाऊसाहेब, माझी होडी पण घ्या, त्यानंच नेली.' तुम्ही मान न वळवता म्हणायचा, 'होडी एक, पूर्णतः.' त्या दोन तासांत तुम्ही जेवढे हसायचा तेवढे घरी वर्षभरात हसत नसाल.

कारण खऱ्या कामात तो शब्द तुमच्या लेखणीतून निघतच नसे. घराच्या पडझडीला फॉर्मवर दोनच शब्द, अंशतः आणि पूर्णतः, आणि तुम्ही जन्मभर पहिलाच लिहिलात. मी बारा वर्षांची होते त्या साली मोठं वादळ झालं आणि टेपचं दुसरं टोक धरायला तुम्ही मला बरोबर नेलंत. एका म्हाताऱ्या गृहस्थाचं घर होतं. कौलं, वासे, पडवी, सगळं आडवं, एक भिंत तेवढी उभी. तो रडत नव्हता, एक फुटकं कौल मांडीवर घेऊन अंगणात बसला होता. मी म्हटलं, 'अण्णा, सगळं गेलं हो त्यांचं. पूर्णतः लिहा.' तुम्ही चार माणसांदेखत मला झापलंत. 'भिंत उभी आहे ना? मग अंशतः. डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, मनाला वाटतं ते नाही.' परतताना राग उतरला तेव्हा समजावलंत, की पूर्णतः लिहिलं की माणूस हाय खातो. एक भिंत आहे असं कागदावर आलं की उद्या तो तिच्यावर वासा टेकवतो. मला ते पटलं होतं. मी पुढे तुमच्याच नियमाने लिहीत आले. लोक मागून म्हणतात, ही बाई जीव गेला तरी पूर्णतः लिहायची नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी शेडीत कुर्लीचा सिनेमा आला. समुद्रातून वर आलेला अजस्र खेकडा, एकेक डेंगा गलबताएवढा. तुम्ही वही घरी विसरला होता, पण पिशवीत कोरे फॉर्म होते. म्हणालात, फॉर्मवरच लिही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. नुकसानीचे कारण: समुद्रातून आलेली कुर्ली, उंची अंदाजे दहा माड. बाधित घरे: सर्व. प्रकार: पूर्णतः. खाली दोन पंच लागतात, तर शेडवाल्याने सही ठोकली आणि एका खारव्याने अंगठा दिला. तो इतका हसत होता की अंगठा दोनदा उमटला. परतताना सड्यावर तुम्ही फार खुशीत होता. 'या नोकरीतून कुणी हाकललं ना गो, तर आपण सरळ मुंबईस जाऊ. तिथे थेटरात हीच कुर्ली तीन मजल्यांएवढी दिसते.' ते तुम्ही सहज बोलून गेलात. मी तुमच्या मागून चालता चालता मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

तो फॉर्म वादळाच्या खऱ्या पंचनाम्यांच्या गठ्ठ्यातून तहसीलला पोचला. तिथल्या कुणा लिपिकाने न हसता शेरा मारून परत पाठवला: 'सदर प्राणी पाळीव की वन्य, याचा खुलासा व्हावा. वन्य असल्यास वनविभागाचा दाखला जोडावा.' शेरा वाचून तुम्ही इतके हसलात की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. आठवड्याने कारणे दाखवा नोटीस आली तेव्हा हसणं थांबलं. तुम्ही तीनदा कच्चा मसुदा करून खुलासा लिहिलात, की सदर कागद माझ्या नजरचुकीने गेला, क्षमा असावी. मंडळ अधिकारी व्हायची तुमची पाळी होती, ती गेली, आणि पुढेही प्रत्येक वेळी तो कागद आडवा आला. मला एवढंच म्हणालात, 'सरकारी कागदाशी खेळू नये हे मला कळायला हवं होतं.' 'मला' असं म्हणालात, 'तुला' नाही. त्यानंतर आपण जयगडला गेलो नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी रत्नागिरीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुंबईच्या कलाशाळेचा फॉर्म मागवून ठेवला होता, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. सिनेमात पाडण्यासाठी छोटी छोटी गावं बनवतात, ती मला बनवायची होती, जांभ्या दगडाची, एकेक कौल लावून. परसात मातीची आठ घरं केली होती, आठवतं? तुम्ही धोतर वर धरून ती ओलांडत न्हाणीघरात जायचा, पण एकाही घराला कधी पाय लागू दिला नाहीत. तुमच्या तेराव्यानंतर आईने अनुकंपा तत्त्वावरचा अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. मी सही केली. तुमचीच खुर्ची, तुमचाच तलाठी सजा, तुमचीच ती पितळी मुठीची कापडी टेप. पोरीने नशीब काढलं, असं सगळे म्हणाले, म्हणजे रडायचीही सोय उरली नाही. पुढे बदल्या झाल्या, पण जिल्हा तोच आणि फॉर्मवरचे रकानेही तेच. आता आई नाही. निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि ती मी कशी काढणार आहे ते माझं मलाच माहीत.

तर इथलं ऐका. दरडीने सात घरांना धक्का दिला. माणसं आधीच शाळेत आणली होती म्हणून जीव वाचले. सहा घरांचे पंचनामे झाले. सातव्या घरच्या बाईने मला दारात अडवलं, म्हणजे जिथे दार होतं तिथे. माझ्याहून थोडी लहान असेल. नवरा आणि दोघे दीर मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. घर सामाईक. सासू गेल्यापासून बावीस वर्षं ही एकटी इथे आहे, कारण घर बंद ठेवायचं नाही, तिन्हीसांजेला देवाच्या कोनाड्यात दिवा लागला पाहिजे, आणि तो लावायला माणूस हवं. माणूस म्हणजे ही. लेक विरारला असते. तिला आठवा महिना आहे, डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय, ती गावी येऊ शकत नाही आणि तिच्याजवळ बघायला कुणी नाही. हिने सड्यावर जाऊन मोठ्या दिरांना फोन केला. ते म्हणाले, 'कोनाडा शाबूत आहे ना? मग दिवा लाव. गणपतीला येऊन पत्रे घालू.'

आणि ती लावत होती हो. परवा तिन्हीसांजेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. छप्पर नाही, तीन भिंती आडव्या, चौथी मातीची भिंत घोटाभर चिखलात उभी, तिच्यात कोनाडा, आणि ही एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने वात पेटवते आहे. वात विझे, ती पुन्हा पेटवी. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते.

आज दुपारी उघडीप मिळाली. कोतवाल वर सड्यावर गेला होता. मी टेप घेऊन त्या घराशी गेले, तर ती म्हणाली, 'बाय, येवढं लिवा ना, घर गेलं म्हनून.' मी तुमचं वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं, की भिंत उभी आहे ना, मग अंशतः. वर शहाणपणाने समजूतही घातली, की उद्या हिच्यावर वासा टेकवता येईल. 'तोच तर वासा मला नको हाय, बाय. ही भिंत हाय तवर मी हितं हाय. कागदावर घर नाय म्हटल्यावर दीर तरी काय बोलनार? सरकारनंच लिवलान, असं सांगन मी.'

अण्णा, तेव्हा मला तुमचा राग आला, चांगला सणसणीत. त्या म्हाताऱ्याला भिंत हवी आहे की नको हे तुम्ही त्याला विचारलं होतंत का? मीही इतकी वर्षं कुणाला विचारलं नाही. फॉर्मवर तो रकानाच नाही. तुम्हाला उभी भिंत म्हणजे आधार वाटायचा, आणि ही बाई तिला बांधली होती, खुंटीला गाय बांधतात तशी. बरं, खोटं लिहावं तर माझा हात चालत नाही, ती खोड तुम्हीच लावलेली. शिवाय फोटोत भिंत दिसणारच.

मी तिला विचारलं, 'देव काढलेस?' म्हणाली, 'परवाच काढले, शाळेत हायत.' 'कोनाड्यात काय आहे?' 'पणती.' 'ती काढ.' तिने पणती काढली, पदराने पुसली आणि ओच्यात बांधली. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं. मी टेप गुंडाळून पिशवीत टाकली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दोन्ही तळहात भिंतीला लावले. माती गार होती, आतपर्यंत भिजलेली. आधी काहीच झालं नाही. मग ती माझ्या शेजारी आली आणि खांद्याने रेटू लागली. भिंत पायाशी बसली, खालून, आणि मग वरचा भाग पलीकडे गेला. धूळ कुठली, चिखल उडाला. आवाज मागाहून आला. ती मटकन खाली बसली, रडली, मग हसली, मग परत रडली. मी उभीच होते. खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की आणखी एखादी भिंत कुठे उरली आहे का म्हणून मी आजूबाजूला पाहिलं.

पोलीस पाटील पंच म्हणून आले. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, माझ्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, 'सकाळी तर उभी होती.' मी म्हटलं, 'होती.' त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. 'चष्म्याशिवाय मला फारसं दिसत नाय. सही कुठं करायची ते दाखवा.' दुसऱ्या पंचाने पाटलांची सही बघून सही केली.

आता तिन्हीसांज झाली आहे. शाळेच्या ओट्यावर ती बाई सवयीने उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली. पणती अजून तिच्या ओच्यातच आहे. उद्या ती कोतवालाबरोबर सड्यावर जाऊन दिरांना फोन करणार आहे. वहाळाचं पाणी ओसरलं की लोक ओंडके टाकून वाट करतील, म्हणजे तिला विरारची गाडी मिळेल आणि मला पुढची वाडी. तिथेही म्हणे दहा घरं आहेत.

फॉर्म भरून झाला आहे. प्रकार: पूर्णतः. नोकरीत पहिल्यांदाच लिहिला तो शब्द. तुमचा नियम मोडलेला नाही, कारण लिहिताना भिंत उभी नव्हती. खोटं आहे ते वरच्या रकान्यात. नुकसानीचे कारण: अतिवृष्टी. तिथे खरं लिहायचं तर मला पुन्हा बारा वर्षांचं व्हावं लागलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुमचा पत्ता नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर माझी नोकरी जाईल. हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला, कारण नोकरी जावी म्हणून एक कागद मी पूर्वीही पाठवला होता, तुमची नोकरी. कुर्लीचा फॉर्म तुमच्या नजरचुकीने गेला नव्हता, अण्णा. तुम्ही गठ्ठा बांधून कोनाड्यात ठेवला होता. मी दोरी सोडली, फॉर्म मधोमध घातला आणि तुमच्यासारखीच गाठ मारली. तुम्हाला हाकलतील आणि आपण मुंबईला जाऊ असं मला वाटलं होतं. तहसीलने त्या शेऱ्यात मागितलेला खुलासा तुम्हाला देता आला नाही, तो मी आज देते. प्राणी वन्य नव्हता. पाळीव होता, घरातलाच.